दोनदा का हाकलायचं?

भाची दहावीला. उन्हाळ्यात आमच्याकडे खानदेशात, यावलला आली ती रसग्रहणाची वही घेऊनच. कविता बहिणाबाईंची, ‘मन वढाय वढाय’. गाईडात उत्तर तयार होतं : अष्टाक्षरी छंद, यमक, द्विरुक्ती, रूपक. तरी ती बोटांवर अक्षरं मोजत बसली. मला हसू आलं. जिला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्या बाईच्या ओळीतली अक्षरं आम्ही मोजणार! लेकानं, सोपानदेवांनी, गाणी उतरवून ठेवली म्हणून १९५२ साली पुस्तक तरी निघालं. बाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

पण मोजायला बसलो की मजा येते हे खरं. ‘उभ्या पीकातलं ढोर’, आठ. ‘फिरी येतं पिकांवर’, आठ. मध्येच तिनं ‘अरे संसार संसार’मधलं ‘जसा तवा चुल्ह्यावर’ घेतलं आणि दहा भरली. जोडाक्षर एकच धरायचं, म्हटलं, ‘ल्ह्या’चे तीन तुकडे करू नकोस. मग जमलं. तिथे ‘जसा’ आहे म्हणून उपमा. इथे मनाला सरळ ढोरच म्हटलंय, मध्ये ‘जसा’ नाही की ‘वाणी’ नाही.

“मामा, हे बघ. ‘मन वढाय’ पाच. तीन कमी पडत होती, म्हणून परत ‘वढाय’ टाकलं. ‘किती हाकला हाकला’चंही तेच. ‘अरे संसार संसार’पण. म्हणजे जागा भरायला?”

मी गप्प. मोजणी तर बरोबर होती. माझं मराठीतलं एम.ए. अशा वेळी उपयोगाला येत नाही.

आई ओट्यावर सुपात दादर ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “वढाय ढोर एकदा हाकल्यानं जातं का बाई? त्याले दोनदा हाकला, तरी फिरी येतं. म्हून तं लोढनं बांधतात.”

लोढणं म्हणजे काय, हे भाचीला सांगावं लागलं : ढोराच्या गळ्यात अडकवलेला लाकडाचा ओंडका, पळायला लागलं की पायांत येतो. गाईडात ते नव्हतं. शब्दार्थात फक्त ‘वढाय : ओढाळ’. मी तिला दोन्ही मोठ्यानं म्हणायला लावलं. ‘मन ओढाळ ओढाळ’, अक्षरं तेवढीच, आठ. पण ‘ळ’ला जीभ टाळ्याला लागते आणि शब्द तिथेच अडतो. आमच्याकडचा ‘य’ तोंड उघडं ठेवून पुढे निघून जातो, बांधावरून उडी मारल्यासारखा. छंदाला हा फरक कळत नाही, कानाला कळतो.

भाचीनं दोनतीनदा म्हणून पाहिलं. मग वहीत ‘द्विरुक्ती’ होतं तसंच ठेवून पुढे कंसात बारीक अक्षरात लिहिलं : ढोर ऐकत नाही.