आमची वाटचाल : ४५ मिनिटांची फेरी

पहिली दोन वर्षे आम्हाला येणाऱ्या फोनांपैकी निम्मे फोन लग्नाच्या वरातीसाठी असत. बग्गी म्हटले की ठाण्यातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे घोडे, झिरमिळ्या आणि बँड उभा राहतो, आणि आमची बग्गी म्हणजे लोखंडी नळ्यांचा पिंजरा, मागे इंजिन, चार जाड टायर आणि दोन खुर्च्या, हे समजावून सांगेपर्यंत समोरच्याने फोन ठेवलेला असे. आता ते फोन येत नाहीत. मात्र मुरबाडच्या डोंगरपायथ्याशी डोंगरवाटेवरची ही बग्गीची फेरी प्रथम आम्ही नव्हे, दुसऱ्याच कोणी सुरू केली, असे अलीकडे कानावर येते, आणि ते ऐकून गप्प बसणे मला जमत नाही, म्हणून हा मजकूर लिहीत आहे.

सुरुवात २०११ मध्ये वागळे इस्टेटमधल्या एका भाड्याच्या गाळ्यात झाली. माझे भागीदार अण्णा हे तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला आणि हिशेबाच्या पैशांऐवजी त्यांनी एक जुने वेल्डिंग मशीन आणि गोटी पान्यांची पेटी घरी आणली. त्या सुमारास मारुती ८०० भंगारात स्वस्त मिळू लागली होती, कारण मोठ्या शहरांत तिची विक्री २०१० मध्येच थांबली होती. या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि एक्सल असा सगळा गठ्ठा पुढच्या बाजूला एकत्र असतो. तो जसाच्या तसा उचलून पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला बसवला की ओढणारी चाके मागे येतात आणि पुढचा भाग हलका होतो. ऐकायला सोपे आहे. पण मागे गेलेल्या चाकांचे टाय रॉड, म्हणजे चाके वळवणारे दांडे, चासीला पक्के बांधले नाहीत तर तीही वळू पाहतात आणि गाडी खेकड्यासारखी चालते, हे आम्हाला गाळ्यासमोरच्या मोकळ्या जागेत, एका दुधाच्या टेम्पोपासून दोन हातांवर आल्यावर समजले.

पिंजऱ्यासाठी अण्णांनी दीड इंची सीमलेस, म्हणजे बिनशिवणीची, नळीच वापरली. शिवणीची नळी निम्म्या भावात मिळत होती आणि माझा तिच्यावर डोळा होता. अण्णांनी तिचा हातभर तुकडा शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून वाकवला, शिवणीवर उलगडलेली चीर माझ्यासमोर धरली आणि पुढे एक शब्दही न बोलता कामाला लागले. दोन नळ्या जिथे भेटतात तिथे एकीचे टोक माशाच्या तोंडासारखे कोरून दुसरीवर घट्ट बसवायचे आणि मगच वेल्डिंग करायचे. फट ठेवून वेल्डिंगच्या रसाने ती भरणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोक्यावर प्लॅस्टरचे छत टांगणे, असे ते म्हणत. वेल्डिंगचा सांधा घासून गुळगुळीत करायलाही त्यांची मनाई होती. आजही कोणाच्या बग्गीवर सांधे रंगाखाली नितळ दिसले तर मी त्या गाडीत बसत नाही आणि आपणही बसू नये.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्या तरुणांना एक सांगतो. भारी हेल्मेटे आणि झेंडे नंतर घ्या. आधी टायरमधला कमी दाब मोजणारा चांगला गेज घ्या. आमच्या टायरमध्ये १० ते १२ पीएसआयच हवा असते, म्हणजे टायर कातळावर पसरतो आणि पकड घेतो. पंक्चरवाल्याच्या गेजवर हे आकडे काट्याच्या पहिल्याच थरथरीत संपतात, त्यामुळे ८ आणि १५ यांतला फरक त्याला दिसतच नाही. दुसरी गोष्ट पिवळ्या ऑइलपेंटची. प्रत्येक नट आवळल्यानंतर नटावरून बोल्टवर एक सरळ रेघ ओढायची. फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे हे पाना न लावता कळते. खंडेनवमीला आमच्याकडे पान्यांच्या शेजारी त्या पेंटची डबी आणि ब्रशही पूजेला असतो.

माळशेजच्या रस्त्यावरून आत, पायथ्याच्या एका वरकस जमिनीवर आम्ही २०१३ मध्ये फेरी सुरू केली. बग्ग्या रस्त्यावर चालवण्याची परवानगी नसल्यामुळे त्या ठाण्याहून टेम्पोतून न्याव्या लागल्या, आणि वनखात्याच्या हद्दीच्या दगडापासून लांब राहावे लागले. फेरी फक्त ४५ मिनिटांची होती, आणि पुढे आमचा वाटाड्या, मागे रांगेत बग्ग्या अशी ती चाले. आधी मुरमाचा चढ, मग कातळाचे सपाट पठार, तिथून समोर नाणेघाट आणि नानाचा अंगठा हा कडा, नंतर कोरडा ओढा आणि करवंदांच्या जाळ्यांतून परत. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झालेला, त्यामुळे आमची वाटही पायऱ्यांची आहे : सपाटी, टप्पा, पुन्हा सपाटी. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लाल मातीचा पातळ पट्टा दिसतो. उन्हाळ्यात तो विटेसारखा कडक असतो आणि पावसात साबणासारखा. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही फेरी बंद ठेवतो, आणि याच एका निर्णयावरून आम्हाला पुढे भित्रे म्हटले गेले.

वाटेत एका ऐनाच्या झाडाला उगाच वळसा आहे. २०१३ मध्ये त्या झाडावर आग्या मोहोळ होते, म्हणून आम्ही चुना फासलेले दगड मांडून वाट पन्नास पावले बाजूने वळवली. पुढच्या वर्षी मोहोळ उठून गेले, पण दगड उचलायचा कंटाळा केला आणि वळसा राहिला. हा वळसा कृपया लक्षात ठेवावा.

नौपाड्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका आमच्या पहिल्याच हंगामात आल्या. आम्ही त्यांना बाई म्हणतो. भाच्याने त्यांना शेजारच्या खुर्चीत बसवले, तेव्हा त्या उतरून चालकाच्या बाजूला गेल्या आणि भाच्याला शेजारी बसवले. फेरी संपल्यावर त्यांनी गाडीचे कौतुक केले नाही. आमच्या वाटाड्याने सुरुवातीला केलेल्या भाषणात सात चुका असून एकही वाक्य पूर्ण नाही, एवढेच सांगितले. आठ दिवसांनी टपालाने दोन पाने आली. त्यांत सूचना नव्याने लिहिलेल्या होत्या. उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करू नये, पहिल्या गिअरमध्येच ठेवावी. चढावर गाडी थांबली तर आडवी वळवू नये, ती उलटते. रिव्हर्स टाकून आल्या वाटेने सरळ मागे उतरावे. दगड लागला की स्टिअरिंग झटका देऊन फिरते आणि आत अडकवलेला अंगठा मोडतो, म्हणून शेवटचे वाक्य होते : ‘अंगठे चाकाबाहेर, जीभ दातांच्या आत, पाहावे सर्वत्र, परंतु जावे वाटाड्यामागेच.’ ही पाने आम्ही प्लॅस्टिकमध्ये घालून टपरीवर लावली आणि प्रत्येक वाटाड्याकडून पाठ करून घेतली. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी बाई नेमाने येत राहिल्या.

२०१४ ते २०१७ ही वर्षे चांगली गेली. बग्ग्या दोनच्या पाच झाल्या.

२०१८ च्या जानेवारीत म्हसा गावची यात्रा संपली त्या आठवड्यात एक गृहस्थ आले, फेरीचे पैसे भरून दोनदा बसले, पठारावर बरेच फोटो काढले आणि अण्णांना टायरच्या हवेपासून ग्रीसपर्यंत सगळे विचारले. अण्णांनी सगळे सांगितले. कारागिराला कोणी मनापासून विचारले की तो विरघळतो, यात त्यांची चूक नाही. चूक माझी, आणि ती कागदाची होती. जमीन पाच भावांच्या सामायिक सातबाऱ्यावर होती आणि माझ्या अकरा महिन्यांच्या करारावर सही फक्त थोरल्याची होती. दर वर्षी त्याच्याच हाती पैसे देऊन, त्याच्याच ओटीवर चहा पिऊन मी परतत असे. ऑक्टोबरमध्ये हंगाम उघडायला गेलो तर फाटकाला नवे कुलूप होते. बाकीच्या चौघांनी त्या गृहस्थांना दुप्पट भाड्याने जमीन दिली होती. थोरला घराबाहेर आला नाही. जमिनीचा व्यवहार करणाऱ्याने सातबाऱ्यावरची नावे मोजावीत, तितक्या सह्या घ्याव्यात, आणि बहिणींची नावे कोणी गाळली आहेत का हेही फेरफारात पाहावे.

आम्ही दोन किलोमीटर अलीकडे एका मळ्याच्या कडेला सपाट, कंटाळवाण्या जागेत गेलो. त्यांच्याकडे परदेशी बनावटीच्या, चकचकीत, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या आल्या. आमचा सर्वांत हुशार वाटाड्या महिना दोन हजार जास्तीवर तिकडे गेला. त्यांच्या जाहिरातीत वाटाड्याच्या मागे रांगेत जाणे म्हणजे शाळेची सहल, असे सरळ लिहिले होते, आणि गिऱ्हाईक मोकाट सोडले जाई. आमच्या फेऱ्या आठवड्याला चाळीसवरून सहावर आल्या. बग्ग्या विकायचे ठरवून मी तीन विकल्यावर अण्णांनी उरलेल्या दोन्हींची चाके काढून आपल्या घरी नेऊन ठेवली, म्हणजे मला त्या विकता येऊ नयेत.

त्याच नोव्हेंबरात बाईंचा फोन आला. आवाज ताठ होता. भाच्याच्या मुलांनी त्यांना नेहमीची जागा समजून जुन्या फाटकातून आत नेले होते. पठाराकडे जाताना गाडी ऐनाच्या झाडापाशी कारणाशिवाय वळली, तेव्हा त्यांना आपण ओळखीच्या वाटेवर आहोत असे वाटले. म्हणजे आमच्या दगडांना त्या गृहस्थांनी नुसता नवा चुना फासला होता. त्याआधी त्यांच्या वाटाड्याने, म्हणजे आमच्याच मुलाने, सूचना म्हणून दाखवल्या होत्या. “शब्द चोरले त्याचे मला काही नाही,” बाई म्हणाल्या, “पण त्याने ‘परंतु’च्या जागी ‘पण’ घातले आणि वाक्याचा ताल घालवला.” मी विचारले की मोकाट सोडणाऱ्यांकडे वाटाड्यामागे जाण्याची सूचना कशी? त्या म्हणाल्या, “सांगतात. पाळत नाहीत.”

त्या गृहस्थांनी २०१९ चा पावसाळाही सोडला नाही. चिखलाची मजा म्हणून जून-जुलैत गाड्या त्या लाल पट्ट्यावरून उभ्या चढवल्या. चाक एकाच जागी फिरले की वरचा मुरूम उडतो, खालची लाल माती उघडी पडते, आणि मग पुढचे काम पाणी करते. ज्या पावसात महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली, त्याच पावसात त्या उतारावर कमरेइतकी खोल घळ पडली आणि वाहून आलेला मुरूम खालच्या भातखाचरांत जाऊन बसला. नुकतीच लावणी झालेली होती. गावाने फाटक अडवले. गृहस्थ गाड्या घेऊन गेले. भाताची भरपाई कोणी दिली नाही.

दसऱ्यानंतर पाचही भाऊ एकत्र माझ्याकडे आले. झाल्या प्रकाराबद्दल कोणी काही बोलले नाही, मीही विचारले नाही. सह्या मात्र पाचही जणांच्या घेतल्या, आणि दोन बहिणींच्याही. घळ बुजवण्यासाठी आडवे दगडी बांध घालत आम्ही खालून वर गेलो, आणि खाचरांतला मुरूमही उपसून दिला, जो आमचा नव्हता. फेब्रुवारी २०२० मध्ये जुन्या वाटेवर फेरी सुरू झाली. २५ मार्चला सगळा देशच बंद झाला. कर्जाचे हप्ते ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलता आले, तरी व्याज चालूच होते. त्या एप्रिलमध्ये बाईंनी दहा फेऱ्यांचे पैसे आगाऊ पाठवले आणि सोबत निरोप दिला की हे कर्ज किंवा मदत नाही, आरक्षण आहे, तेव्हा पावती पाठवावी. त्यांतल्या सहा फेऱ्या त्यांनी वापरल्या आहेत. चार बाकी आहेत.

२०२१ मध्ये राज्य शासनाचे साहसी पर्यटनाचे धोरण आले आणि नोंदणी, प्रशिक्षित वाटाडे, प्रथमोपचार या गोष्टी कागदावर आल्या. कागदांचा त्रास होतो हे खरे, परंतु वाटाड्यामागे रांगेत जाणे ही शाळेची सहल नव्हे हे सांगायला आता मला माझ्याच तोंडाची गरज उरलेली नाही. गेलेला मुलगा परत आला. त्याला कामावर घेतले आहे. तो सर्वांत मागची बग्गी चालवतो, पुढची नाही. अण्णा आता साइटवर येत नाहीत, पण दर सोमवारी गाळ्यात बसून पिवळ्या रेघा तपासतात, आणि एखादी रेघ नट न आवळता नुसतीच नव्याने ओढली असेल तर तेही त्यांना ओळखू येते.

एक गोष्ट मात्र माझ्याने निघाली नाही. पठारावर जिथून नानाचा अंगठा नीट दिसतो, तिथल्या मोठ्या खडकावर त्या गृहस्थांनी आपल्या फर्मचे नाव लाल तैलरंगात, हातभर उंच अक्षरांत लिहून ठेवले होते. थिनर वापरला, वायर ब्रशने घासले, एकदा वरून काळा रंगही दिला, तो दुसऱ्या पावसात निघून गेला. आपल्या काळ्या दगडाला बारीक भोके असतात आणि लाल रंग त्या भोकांत जाऊन बसला आहे. फेरी तिथे पाच मिनिटे थांबते. लोक हेल्मेट काखेत धरून त्याच खडकापुढे उभे राहतात आणि फोटो काढायला आमच्या वाटाड्याच्या हाती फोन देतात.