सांदणच्या टोकाशी

साम्रद गावातून माळावर आलं, की सांदण दरी कुठेच दिसत नाही. जरा पुढे जाऊन झाडीत उतरलो आणि एकदम जमिनीला पडलेली भेगच समोर आली. सह्याद्रीतल्या दऱ्या मी आजवर माथ्यावरून पाहिल्या होत्या, सांदणच्या मात्र पोटात शिरायचं असतं.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा काळा कातळ. त्यातली उभी चीर पाण्यानं कोरत नेली. दोन्ही बाजूंना २०० फुटांच्या आसपास सरळ भिंती, वर आभाळाची चिंधी. एप्रिल होता, बाहेर ऊन भाजत होतं, तरी आतलं कमरेएवढं पाणी इतकं गार, की पोटऱ्या बधिर झाल्या. बूट गळ्यात, सॅक डोक्यावर घेऊन एकेक पाऊल चाचपत पलीकडे गेलो.

पुढे नुसते धोंडे. एका वळणावर वाटाडे मामांनी वर बोट दाखवलं. भिंतीच्या खाचेत वाळकं गवत आणि काटक्या अडकल्या होत्या, माझ्या डोक्याच्याही हातभर वर.

"पावसात पानी हितवर येतं," मामा म्हणाले. "पाऊस वर माथ्यावर पडतो, लोंढा हितं येतो."

पळायला जागा कुठे आहे, म्हणून मी आजूबाजूला पाहिलं. नव्हतीच. पावसाळ्यात, किंवा आभाळ भरून आलेलं असताना, कुणीही आत उतरू नये. हे मी कळकळीनं सांगतोय.

मग टोक आलं. भिंती तशाच उभ्या आणि पायाखालचा कातळ संपलेला. इथून दोर लावून टप्पे उतरायचे आणि खालच्या डेहणे गावाकडे जायचं. आमच्याकडे दोर नव्हता. पालथा पडून खाली डोकावलो, तर पोटात खड्डा पडला. समोर त्या फटीत मावेल एवढंच कोकण, उन्हात धुरकट.

शेजारच्या रतनगडाजवळ प्रवरा उगम पावते. ते पाणी भंडारदऱ्यातून गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्राला जातं. सांदणमधलं पाणी इथून कोकणात उडी घेतं आणि पश्चिमेच्या समुद्राला जातं. दोन पाणलोटांमध्ये डोंगराची एक धार, बस्स.

कड्यावर पाण्याच्या वाटेचा काळसर ओघळ तेवढा उरला होता. तिथला दगड वापरातल्या पाट्यासारखा गुळगुळीत. त्यावर हात फिरवत किती वेळ बसलो कुणास ठाऊक. मागे सुरक्षित अंतरावर बसलेल्या मामांनी हाक मारली, "चला दादा, उन्हं कलली. पान्यातनं परत जायाचंय."