भुंग्यानं खाल्लेले दिवे आणि आमचं नागपूरचं प्रदर्शन

नागपूरच्या प्रदर्शनाला बावीस दिवस राहिले होते. बांबूच्या तयार दिव्यांवर झाकलेलं पोतं मी उचललं, तर खाली फरशीवर पिवळसर पिठाच्या रांगा. एका दिव्याला टिचकी मारली, आणखी भुगा गळला. कामट्यांना टाचणीच्या टोकाएवढी गोल गोल भोकं. एकतीस दिव्यांपैकी एकोणीस गेले होते.

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातल्या अकरा जणी मिळून बांबूचं काम करतो. सुपं, टोपल्या तर आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या होत आल्या. त्यांना भुंगा लागल्याचं मला आठवत नाही, म्हणून जीव जास्तच खालीवर झाला. सासूबाईंनी दिवा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "अव पोरी, या सामानाले धूर कुठी लागला?"

खरंच की. आमच्याकडे सूप चुलीच्या वर खुंटीला असतं. धूर खाऊन खाऊन ते काळंभोर होतं आणि भुंगा त्याच्या वाटेला जात नाही. शहरातल्या बैठकीत टांगायच्या दिव्याला धूर कोण देणार?

दुसरी चूक तोडणीची. तो बांबू आम्ही ऑगस्टात, वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) निघायच्या दिवसांत तोडून आणला होता. भुंग्याचं खाणं म्हणजे बांबूतला स्टार्च, आणि पावसाळ्यातल्या ओल्या बांबूला भुंगा फार लवकर धरतो. त्यात अर्धे बांबू कोवळे, वर्षभराचेच. तीन-चार वर्षांचा बांबू ओळखता येतो: खालच्या पेरांवरची टरफलं गळालेली असतात, हिरवेपणा मावळलेला असतो आणि कोयत्याच्या पाठीनं ठोकलं की टणक आवाज येतो. हे सगळं ठाऊक असून आम्ही घाई केली.

नवा बांबू, मानवेल जातीचा, गावातल्याच एका शेताच्या धुऱ्यावरून घेतला. 2017 मध्ये वनजमिनीबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे तोडणीच्या परवान्यात दिवस गेले नाहीत.

आमच्यातली एक चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात शिकून आलेली. भुंगा लागू नये म्हणून बांबू बुडवायच्या द्रावणाचं माप तिच्या वहीत होतं: शंभर लिटर पाण्याला तीन किलो टाकणखार (बोरॅक्स) आणि दोन किलो बोरिक पावडर, म्हणजे कॅरमवर टाकतात तीच. थंड पाण्यात टाकणखार तळाशी बसून राहतो, म्हणून आधी गंजात पाणी कढत करून विरघळवला आणि मग ड्रममध्ये ओतला. कामट्या आधीच काढून घेतल्या, कारण बांबूची वरची साल पाणी आत घेत नाही. चिरलेल्या कामटीत ते चारी बाजूंनी मुरतं. वर दगड ठेवून तीन दिवस बुडवल्या. नंतर सावलीतच वाळवल्या. उन्हात टाकलेली एक जुडी दुपारपर्यंत तडकली, ती सरपणात गेली.

ड्रमवर झाकण आणि भोवती काट्या लावल्या, गाईगुरं तोंड घालू नयेत म्हणून. सुपं-टोपल्या त्यात बुडवल्या नाहीत. ज्यात धान्य पाखडायचं त्याला हे पाणी लावायचं नाही, यावर आमचं कुणाचंच दुमत नव्हतं. सासूबाईंनी त्या चुलीवर धुरावल्या.

शेवटचे आठ दिवस रात्री अकरापर्यंत विणकाम चाललं. चोवीस दिवे झाले. नागभीड, उमरेड करत एसटीनं नागपूर गाठलं आणि दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात माल मांडला. पहिल्याच बाईंनी विचारलं, "याला कीड लागते का हो?" मी ड्रमपासून सगळं सांगितलं, आणि पावसापाण्यात टांगू नका, द्रावण धुऊन जातं, हेही. त्यांनी दोन घेतले.

त्यातला एक दिवा मी विकला नाही. घरी फळीवर ठेवला आहे, खाली काळा कागद अंथरून. रोज झाडू मारायच्या आधी कागदावर बोट फिरवते. पावसाळा सरला, अजून बोटाला काही लागलेलं नाही.