गीझर लावला की दिवा मंद होतो

आजींनी मला हे ऑक्टोबरातच सांगितलं होतं. "गीझर लावला की बाथरूमचा दिवा मंद होतो रे." मी तेव्हा गीझरचा स्विच बदलायला गेलो होतो. स्विच बदलला, टेस्टर लावला, टेस्टर पेटला. "लाइन व्यवस्थित आहे आजी, बाहेरूनच व्होल्टेज कमी येत असेल," असं सांगितलं, चहा घेतला आणि निघालो.

जानेवारीत पुन्हा फोन आला. साताऱ्यातली थंडी आणि पाणी कोमट. मधल्या काळात दुसऱ्या एका वायरमनने दोनदा कॉइल बदलून दिली होती. काढलेल्या दोन्ही कॉइल आजींनी पेपरात गुंडाळून ठेवल्या होत्या. मल्टिमीटरवर घेतल्या तर दोन्ही धडधाकट! चांगली कॉइल काढून चांगलीच बसवायची आणि पैसे घ्यायचे, हे आमच्या धंद्यात सर्रास चालतं. मीटर पिशवीत असतो, पण तो बाहेर काढायचा कंटाळा.

गीझरच्या पत्र्यावर लिहिलेलं होतं २००० वॅट, २३० व्होल्ट. व्होल्टेजचा वर्ग करून त्याला वॅटने भागलं की साधारण साडेसव्वीस ओहम येतात, म्हणजे धडधाकट कॉइलचा रेझिस्टन्स एवढा हवा. गीझर बंद ठेवून टर्मिनलला मीटर लावला तर २२६ व्होल्ट, म्हणजे नाव ठेवायला जागा नाही. पण लोड नसताना, म्हणजे करंट वाहत नसताना घेतलेल्या रीडिंगवर विसंबायचं नसतं. नळ बंद असला की चोंदलेल्या पाइपातही प्रेशर पूर्णच दिसतं. पाणी सोडल्यावर खरं काय ते कळतं.

म्हणून गीझर चालू केला आणि करंट आणणाऱ्या फेजच्या एकट्या वायरीला क्लॅम्प मीटर अडकवला, तो वायर न कापता करंट मोजतो. करंट ८ अँपिअर. टर्मिनलला व्होल्टेज उतरून २१२. भागाकार केला, साडेसव्वीस ओहम. कॉइलचा दोष नाही. गुणाकार केला, १६९६ वॅट. म्हणजे २००० वॅटच्या गीझरला सतराशेही मिळत नव्हते. धावत डीबीपाशी, म्हणजे घरभर वायरी जिथून निघतात त्या बोर्डापाशी गेलो. तिथे त्याच लोडवर २२४.

मधले १२ व्होल्ट कुठे गेले? १२ भागिले ८, दीड ओहम. घरातली जुनी वायर अडीच एमएम ॲल्युमिनियमची, डीबीपासून बाथरूमपर्यंत सुमारे १८ मीटर. जाऊन-येऊन ३६ मीटर धरले तरी वायरीचा रेझिस्टन्स अर्ध्या ओहमच्या आतच. उरलेला एक ओहम एकाच जागी बसलेला असणार. एक ओहम ऐकायला काहीच नाही. पण त्यातून ८ अँपिअर गेले की ८ गुणिले ८, म्हणजे ६४ वॅट उष्णता. साठ वॅटचा पिवळा बल्ब दहा मिनिटं जळल्यावर हाताने काढून बघा, तेवढी आग घरात कुठेतरी झाकलेली होती.

पुढचं रीडिंग मला फार आवडतं, आणि ते कुणी घेत नाही. बाथरूममध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर लावला. गीझर बंद असताना अर्धा व्होल्ट, चालू केला की दहाच्या वर. म्हणजे दोष न्यूट्रलमध्ये, करंट परत नेणाऱ्या वायरीत. टेस्टर फेजवर पेटतो. न्यूट्रल जळत असली तरी तो तसाच पेटत राहतो. बाथरूमचा बल्बही त्याच न्यूट्रलवर, म्हणून गीझर लावला की तो मंद. आजींनी दोष मला बरोबर जागेसकट सांगितला होता.

"माळ्यावर बॉक्स आहे का हो कुठला?" मी विचारलं.

"आहे. पण तिथे उंदीर मेलाय बहुतेक, दोन महिने वास येतोय."

मेन बंद करून माळ्यावर चढलो. गोधड्यांचं बोचकं ओढून काढलं, त्याच्या मागे बॉक्स. झाकण गरम. कुजल्या मासळीसारखा वास येत होता तो त्यातूनच. आत न्यूट्रलचा जॉइंट. काही वर्षांपूर्वी बाथरूम नवं केलं तेव्हा कुणीतरी तांब्याची नवी वायर जुन्या ॲल्युमिनियमला नुसती पिळून काळी टेप गुंडाळली होती. कनेक्टर नाही, काही नाही. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरलेली, तांबं काळंनिळं, टेप डांबरासारखी वितळून पुन्हा घट्ट झालेली. बोटाने दाबलं तर वरचं पीव्हीसी बिस्किटासारखं तुटलं. गोधडीचा एक कोपरा तपकिरी झाला होता.

एमसीबी, म्हणजे डीबीतला आपोआप पडणारा स्विच, १६ अँपिअरची. ती का पडली नाही, असं आजींच्या मुलाने पुण्याहून फोनवर तीनदा विचारलं. ती जास्त करंटवर पडते. इथे रेझिस्टन्स वाढला होता, करंट उलट कमी झाला होता. आणि जेवढा करंट गेला तेवढाच परत आला, त्यामुळे करंटची गळती पकडणाऱ्या आरसीसीबीलाही काही कळलं नसतं. कॉइलला दोनदा पैसे देताना ज्यांनी एक प्रश्न विचारला नाही, त्यांनी नव्या वायरीच्या खर्चावर अर्धा तास घेतला.

डीबीपासून गीझरपर्यंत चार एमएम तांब्याची सलग वायर ओढली, मध्ये एकही जॉइंट नाही. पुन्हा लोडवर मोजलं: २२२ व्होल्ट, ८.४ अँपिअर, १८६५ वॅट. आजी दिव्याकडे बघत उभ्या होत्या. दिवा हलला नाही.

ओहमने त्याचा नियम १८२७ साली छापला. आयटीआयला व्ही, आय, आरचा त्रिकोण मी डोळे झाकून काढायचो, त्या गणितात माझा एक मार्क कधी गेला नाही. ऑक्टोबरातही मीटर माझ्या पिशवीत होताच. लोडवरची दोन रीडिंग आणि एक भागाकार, पाच मिनिटंसुद्धा लागली नसती. तो जॉइंट कापून मी घरी आणलाय, टेबलावर ठेवलाय. रोज एकदा हातात घेतो.

माझ्या डायरीत ऑक्टोबरच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'गीझर स्विच बदलला, टेस्टर ओके.' त्याच पानावर तसंच लिहिलेली आणखी दोन घरं आहेत. एका घरी काल जाऊन लोडवर मोजून आलो. दुसऱ्यांचा फोन लागत नाहीये, उद्या सकाळी दारातच जाऊन उभा राहणार आहे.