तात्यांचे कान आणि दसरा चौकातलं प्रदर्शन

आमच्या चित्रकलेच्या कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन कोल्हापुरात दसरा चौकात, शाहू स्मारक भवनच्या कलादालनात भरायचं. फेब्रुवारीच्या शेवटाला. प्रदर्शन असायचं चार-पाच दिवसांचं पण त्याची गडबड डिसेंबरपासून सुरू, आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांचं तर काही खरं नसायचं, एकीकडे जी.डी. आर्टची, म्हणजे चित्रकलेच्या डिप्लोमाची परीक्षा तोंडावर, निम्मी सबमिशन्स राहिलेली, आणि दुसरीकडे यावेळी दारातून आत आल्या आल्या समोर जी भिंत दिसते तिथं आपलं काम लागलं पाहिजे ही खुमखुमी. ती भिंत एकच आणि डोळा ठेवून बसलेले सगळेच.

मी इचलकरंजीची. रोज तासाभराची एसटी. इचलकरंजीची म्हणून वर्गात मला एक वेगळाच मान होता कारण आमच्याकडे कापड! काका यंत्रमागावर होते, ते मला मांजरपाटाचे तुकडे आणून द्यायचे आणि मी ते पिशवीत घालून कॉलेजला न्यायचे. तयार कॅनव्हास परवडायचाच नाही ना कुणाला, त्यातून चार फुटी पाच फुटी असला की विषयच संपला. मग सुताराकडून लाकडी चौकट करून घ्यायची, कापड ओलं करून ताणायचं, आधी चारी बाजूंच्या मध्यावर एकेक खिळा आणि मग कोपऱ्यांकडे सरकत जायचं, कोपऱ्यापासून सुरुवात केलीत की सुरकुती पडलीच म्हणून समजा. त्यावर सरस. सरस डायरेक्ट आचेवर ठेवला तर करपतो, म्हणून मोठ्या डब्यात पाणी आणि त्यात छोटा डबा, आणि त्याचा जो काय वास सुटायचा तो वरच्या मजल्यावरच्या फाउंडेशनच्या, म्हणजे अगदी नवशिक्या पोरांपर्यंत जायचा. मग झिंक ऑक्साइड, खडूची पावडर, थोडं जवसाचं तेल असं कालवून एक हात आडवा एक हात उभा, वाळला की काचपेपर, परत एक हात. आता मी शाळेत ड्रॉइंग शिकवते आणि ऑनलाइन मागवलेला कॅनव्हास दारात येतो, पण खरं सांगू का, तो सरसाचा कॅनव्हास ब्रशला जसा ओढून धरायचा तसा हा धरत नाही, रंग नुसता घसरतो. असो, म्हातारपणाची लक्षणं म्हणा.

कोल्हापुरात चित्रकला शिकायची म्हणजे डोक्यावर आधीच बरीच मोठी माणसं बसलेली असतात. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, नुसती नावं घेतली तरी सर लोक खुर्चीत सरळ होऊन बसायचे. आबालाल १९३१ साली गेले, त्यांनी कोटितीर्थ तळ्याची जी निसर्गचित्रं केलीत ती टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये जाऊन बघायची हा आमच्याकडे अभ्यासक्रमात नसलेला पण सक्तीचा विषय होता. १९२२ ला शाहू महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालांनी आपली ढीगभर चित्रं तळ्यात सोडून दिली असं जुनी माणसं सांगायची, आणि ही गोष्ट सांगून झाली की सर आमच्या कामाकडे बघून म्हणायचे, "तुमचीपण काही सोडायच्या लायकीची आहेत, पण तळ्याचं पाणी खराब होईल." वर्गात हशा. ज्याच्या बोर्डाकडे बघून म्हटलेलं असायचं तो सोडून.

पण आमच्याकडं खरा बोलबाला हेड स्टडीचा. पोर्ट्रेट, समोर माणूस बसवून त्याचा चेहरा काढायचा. कोल्हापूरच्या पोराला पोर्ट्रेट येत नाही म्हणजे काय, पहिलवानाला पट काढता येत नाही असं झालं. आणि पोर्ट्रेट म्हणजे मॉडेल आलं. आमच्याकडे ठरलेली चार-पाच माणसं आळीपाळीनं बसायला यायची. त्यातले तात्या आमचे सगळ्यांचे लाडके. तरुणपणी तालमीत गेलेले, खासबागेच्या कुस्ती मैदानात कुस्त्या केलेले, सत्तरीतही मान अशी की फेटा तिच्यावर शोभून दिसायचा. आणि कान मोडलेले. पहिलवानाचे कान कसे असतात माहितीये ना, रगडून रगडून सुजून, गाठी होऊन मिटून गेलेले. आता गंमत बघा, आमच्या अख्ख्या बॅचनं कान काढायला शिकला तो तात्यांचा. एकदा कॉलेजातला एक शिपाई मॉडेल म्हणून बसला तर आमच्या एका मित्रानं त्याचेही कान मोडलेले काढले, हात त्या वळणाला गेलेला! सर मागे येऊन बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यानं कुस्ती कधी केली रे?"

मॉडेल यायच्या आधी डाँकी पकडायची मारामारी. डाँकी म्हणजे ते घोड्यासारखं लाकडी बाक, ज्यावर बसून पुढं बोर्ड टेकवायचा. प्रोफाइल म्हणजे नुसती एक बाजू मिळू नये, थ्री क्वार्टर म्हणजे जरा वळलेला चेहरा मिळावा, उजेड चेहऱ्याच्या एका बाजूनं यावा, या सगळ्यासाठी सकाळच्या पहिल्या एसटीनं आलेली मी आणि बारा पावलांवर राहणारी मंगळवार पेठेतली पोरं यांची दर वेळची भांडणं. प्लॅटफॉर्मवर खडूनं पायांच्या खुणा केलेल्या असायच्या, रेस्ट झाली की तात्या परत बरोबर त्या खुणेवर पाय ठेवून बसायचे आणि त्यांचं त्यांनाच मान किती वळवायची ते माहिती. आम्ही चुकलो तर तेच सांगायचे, "पोरी, मघाशी हिकडं सावली हुती, आता न्हाई."

दुसऱ्या मावशी. अंबाबाईच्या देवळाजवळ गजरे विकायच्या, दुपारी गिऱ्हाईक नसलं की आमच्याकडे बसायला यायच्या. नऊवारी, कपाळभर कुंकू, आणि बोटं सतत हलती. त्यांना नुसतं बसवत नसे, त्यामुळे सरांनी शेवटी हातात फुलं आणि दोरा दिला, मग त्या ओवत बसायच्या आणि आम्ही काढायचो.

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात सगळ्यात मोठा प्रश्न तेलरंग वाळण्याचा. तपकिरी बर्न्ट अंबर वाळतो पटकन, पण लाल अलिझरीन क्रिमसन काय वाळायचं नाव घेत नाही, आणि आमच्यातल्या काहींना नाइफनं इंचभर रंग थापायची हौस, तो तर वरून वाळला तरी आतून महिनोन्महिने ओला. कुणी गच्चीवर उन्हात ठेवतंय, कुणी टेबलफॅन लावून बसलंय. मग शेवटी चित्राखाली चिठ्ठी, ओलं आहे, हात लावू नये. दर वर्षी अशा चिठ्ठ्या लागायच्याच आणि दर वर्षी कुणीतरी बोट लावून खात्री करायचंच.

चित्रं न्यायला छोटा टेम्पो. कॅनव्हास एकमेकांकडे तोंड करून, मधे कोपऱ्यात बुचाचे तुकडे, आणि मागे आम्ही चौघं-पाचजण ती धरून उभे. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचं ते स्मारक आहे, बाबूराव पेंटरांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून, तिथून टेम्पो वळताना पोरं कायम नमस्कार करायची. अर्धा चेष्टेत, अर्धा खरा. ज्या माणसानं नाटकाचे पडदे रंगवता रंगवता कॅमेरा बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० ला 'सैरंध्री' केला, त्याच्या गावात आपण चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटी, दोन माउंट नीट कापता येत नाहीत म्हणून रडतोय, एवढं तर वाटणारच.

माउंट कापणं हा खरंच एक स्वतंत्र ताप. जलरंगाची कामं सगळी माउंट करून काचेत, आणि पंचेचाळीस अंशात कटर धरायचा, कोपऱ्यात जरा पुढं गेला की ते कापलेलं तसंच दिसत राहतं. आमच्यात एकच मुलगी होती जिचा हात त्यात बसलेला, तिच्याकडे सगळ्या कॉलेजची लाइन. ती वडा-ब्रेडवर काम करायची, एका माउंटला एक वडा-ब्रेड. तिचं स्वतःचं काम शेवटच्या रात्री माउंट झालं.

हँगिंगची, चित्रं भिंतीवर टांगायची रात्र म्हणजे खरं गॅदरिंग. मुलींना नऊला घरी जायला लागायचं हा नियम, पण त्या रात्री कुणाचा भाऊ कुणाचे वडील येऊन खालीच थांबायचे आणि हळूहळू तेही वर येऊन शिडी धरायचे. माझे काका एकदा आले होते, ते प्रत्येक कॅनव्हासच्या मागे जाऊन कापड बघत होते, पुढून एकही बघितलं नाही. सर मधोमध उभे, हातात काही नाही, नुसतं डावं वर, उजवं खाली, ते काढ तिथनं, त्या शेजारी लाल नको. मोठ्या कामाशेजारी छोटं काम मरतं हे मी त्या रात्री डोळ्यांनी बघितलं, वर्गात कितीदा ऐकलेलं तरी. आणि भिंतीवरून भांडणं, रुसवे, एक मुलगा तर आपलं चित्र काढून घेऊन खाली दसरा चौकात जाऊन बसला, शाहू महाराजांच्या पुतळ्यासमोर. दोघं त्याला समजवायला गेले तर तेही तिथंच गप्पा मारत बसले. सगळं आवरून बाहेर पडेपर्यंत उजाडायला आलेलं, पोरं तशीच गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायची, म्हशीचं तिथंच काढलेलं फेसाळ दूध, आणि परत येऊन कॅप्शन चिकटवायची.

उद्घाटनाला कुणीतरी मोठे चित्रकार. फीत नाही कापायची, कोऱ्या कॅनव्हासवर पाहुण्यांनी एक रेघ मारायची आणि झालं. भाषणं लांबायची, ती मला काही आठवत नाहीत. आठवतो तो डेमो. पाहुणे दोन तासात पोर्ट्रेट करायचे आणि पायऱ्यांपासून दारापर्यंत माणसं, त्यात चित्रकार कमी आणि बाकीचेच जास्त, रिक्षावाले, वकील, शाळेची पोरं. कोल्हापूरला याची सवयच आहे म्हणा. टाऊन हॉलच्या बागेत रंगबहार या संस्थेची 'मैफल रंगसुरांची' भरायची तिथं तर एकीकडे गाणं चालू आणि झाडाखाली चित्रकार काम करतायत, आणि लोक मुलाबाळांना घेऊन बघत उभे. आमच्या डेमोतही पहिला अर्धा तास लोक कुजबुजायचे, कुठं दिसतंय अजून, आणि मग एका क्षणी डोळ्यात तो पांढरा ठिपका पडला की सगळा हॉल आहाहा.

पण मला विचाराल तर प्रदर्शन खरं दुसऱ्या दिवसापासून. पाहुणे गेले, पेपरातले फोटो आले, आणि मग मॉडेल मंडळी यायची. तात्या धुतलेला फेटा बांधून, सोबत दोन नातवंडं आणि तालमीतले तीन-चार म्हातारे. सगळ्यांचे कान तसलेच! भिंतीवर सगळीकडे तात्याच तात्या, चारकोलमध्ये, पेस्टलमध्ये, तेलात. त्यातला एक म्हातारा एका चित्रासमोर थांबला आणि म्हणाला, "ह्यो न्हाई तू. ह्यो गडी हरल्यागत बसलाय." आणि खरोखर, ज्यानं काढलं होतं त्यानं तात्यांचे खांदे पाडले होते. आमचे एक्स्टर्नल, बाहेरून येणारे परीक्षक, मार्क देताना एवढं नेमकं कधी बोलले नाहीत.

मावशी शेजारणींना घेऊन आल्या. चप्पल दाराबाहेर काढून, देवळात आल्यासारख्या, आम्ही किती सांगितलं तरी. आधी त्यांनी आपण किती ठिकाणी आहोत ते मोजलं. मग समोरच्या मुख्य भिंतीवर जे मोठं कॉम्पोझिशन होतं, आमच्या वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलाचं, बक्षीस मिळालेलं, त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. मावशी गजरा ओवतायत, मागे देवळाचे दगडी खांब, उजेड फक्त हातांवर. बराच वेळ बघून म्हणाल्या, "चांगलं हाय, पर असा धरत्यात व्हय दोरा? फुलं गळून पडतील की."

तो मुलगा तिथंच उभा. सर तिथंच उभे. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, बक्षीस देणाऱ्यांच्या पण नाही. मावशींनी पदरात बांधलेला दोरा काढला आणि अंगठ्यात कसा अडकवायचा ते दाखवलं, दोनदा, तीनदा, त्यानं स्केचबुक काढून तिथंच खाली बसून काढून घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दालन उघडायच्या आधी, चित्र भिंतीवर असतानाच, शिडीवर उभं राहून त्यानं तेवढा हात परत रंगवला. सर खालून नुसते बघत होते, नाही म्हणाले नाहीत. खाली परत चिठ्ठी लागली, ओलं आहे हात लावू नये. त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला मावशी स्वतः उभं राहून सांगत होत्या, कारण त्या तिसऱ्या दिवशीही आल्या, आणि चौथ्या दिवशीही, धंदा सोडून.

आता लोक मला म्हणतात की कॉलेजच्या प्रदर्शनाला कोण येतं, गॅलरीवाले येत नाहीत, विकलं काही जात नाही. खरंय, आमच्या वेळीही दोन-चार निसर्गचित्रं विकली जायची, तीही पन्हाळ्याची नाहीतर पंचगंगा घाटाची, कुणाच्यातरी नवीन बंगल्यासाठी. पण मुंबईला पुढं मी बरीच प्रदर्शनं बघितली, एसी हॉल, वाइनचे ग्लास, आणि चित्रात जे माणूस आहे ते कधी तिथं आलेलं मला दिसलं नाही.

शेवटच्या दिवशी चित्रं उतरवताना तात्यांना आम्ही सगळ्यांनी मिळून एक हेड स्टडी फ्रेम करून दिला. त्यांनी कुठला निवडावा? पहिल्या वर्षातल्या एका पोरीचा, प्रपोर्शन पार गेलेलं, डोळे वर-खाली, पण कान मात्र सरळ, नीट, मोडायच्या आधीचे. ती पोरगी सॉरी सॉरी म्हणायला लागली. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे गं, बायकोला दावतो, लग्नात आसंच हुते."

पुढं परीक्षा आली, पोर्ट्रेटच्या पेपरला पडदा सरकवून मॉडेल आत आलं तर तेच. तात्या. एक्स्टर्नल समोर, बोलायची बंदी, सगळे गंभीर चेहरे करून डाँकीवर. तात्या येऊन खडूच्या खुणेवर बसले, मान वळवली, उजेड कुठून येतोय ते बघून परत जराशी वळवली, आणि माझ्या शेजारच्या मित्राकडे, त्या शिपायाचे कान मोडणाऱ्याकडे बघून हळूच स्वतःच्या कानाला हात लावला.