पावणेदोन लाख चाललेली थार

शुक्रवार, रात्री

1,74,000 किलोमीटर. दुपारपासून हा आकडा डोक्यातून जात नाहीये. गाडी वेंगुर्ल्याची. 2013 ची महिंद्राची थार जीप, सीआरडीई म्हणजे डिझेल इंजिनाची, फोर बाय फोर म्हणजे लागेल तेव्हा चारही चाकांना ओढ देता येणारी, अजून पहिल्याच मालकाकडे. मागणी सव्वापाच लाख. घरात ज्याला ज्याला सांगितलं त्याचा पहिला प्रश्न एकच, "रनिंग किती?" आणि आकडा ऐकला की मान हलते. दादा तर पुण्याहून फोनवर म्हणाला, "अगं, एवढी चाललेली गाडी लोक विकून मोकळे होतात, आणि तू घ्यायला निघालीस?"

हौसेचा प्रश्न असता तर मीही नाद सोडला असता. पण आमचं घर बागेत, आणि बाग वरच्या अंगाला. शेवटचा चढ लाल मातीचा. फेब्रुवारीपासून मेपर्यंत, काजूच्या दिवसांत, कुठलीही पिकअप आरामात वर येते. जून लागला की तोच चढ साबण लावल्यासारखा होतो, चाकं जागच्या जागी फिरतात. आजरा-आंबोलीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको. गेल्या पावसाळ्यात आबांना रात्री धाप लागली आणि त्यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, ताडपत्रीखाली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून खाली आणावं लागलं. पुढचा पावसाळा असा काढायचा नाही, हे माझं त्या रात्रीच ठरलं.

नवी थार झेपत नाही. मामेभाऊ म्हणतो, दिल्लीहून आण. तिकडे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत, त्यामुळे स्वस्तात मिळतात आणि रनिंगही कमी असतं. पण तिकडची एनओसी, मग इथला रोड टॅक्स नव्याने, इथलं पासिंग, आणि गाडी प्रत्यक्ष न बघता पैसे पाठवायचे. ते माझ्याच्याने होणार नाही. एमएच 07 ची, सिंधुदुर्गातली गाडी निदान घाट उतरलं की बघता तरी येते.

एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून बघितला. बोजा नाही, विमा चालू, चलन एकही नाही. कागदाला गाडी स्वच्छ आहे.

शनिवार, रात्री

गाड्यांची कामं करणाऱ्या मिस्त्रींना घेऊन सकाळीच निघाले. संकेश्वर-बांदा रस्त्याने आंबोली, खाली सावंतवाडी, तिथून वेंगुर्ला. गाडीच्या मालकांना, काकांना, आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. मिस्त्रींनी गेल्या गेल्या बॉनेटवर तळहात ठेवला. गार. काकांनी शब्द पाळला होता. मला माणूस तिथेच आवडला.

त्यांनी एक वही आणून दिली. 2013 पासूनची. ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला, फिल्टर, क्लच प्लेट, बॅटरी, सगळं एकाच अक्षरात, पानाला बिलं टाचलेली. मी मधली मधली बिलं काढून मीटरचे आकडे ताडून बघितले. कुठेही उलटं गेलेलं नाही. वर्षाला चौदा-पंधरा हजार, तेही बरंचसं हायवेवर, गोव्याला ये-जा. दादाला हे कसं समजावू? मीटर मागे फिरवून 70,000 वर आणलेल्या गाडीपेक्षा ही 1,74,000 ची वही मला कितीतरी भरवशाची वाटते.

इंजिन पहिल्या किल्लीला लागलं. मागे धूर नाही. मिस्त्रींनी चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून वर हात धरला. आतून वाफेचा जोर नाही. "ताई, इंजिनाला काय बी झाल्यालं न्हाई. उघडल्यालं बी न्हाई. अजून लाखभर आरामात जातंय," म्हणाले. अडीच लिटरचं, 105 अश्वशक्तीचं हे इंजिन नीट ऑइलपाणी मिळालं तर लांब जातं, हे मी आमच्या भागातल्या गाड्यांवरून ऐकून होते. सावंतवाडीच्या बाजूला फेरी मारली. गिअर मऊ, टर्बो वेळेवर उचलतो, स्टिअरिंगला थोडा ढिलेपणा आहे पण बुश बदलले की जाईल. मी तोपर्यंत मनातल्या मनात गाडी घरी आणली होती.

मग फोर बाय फोर. डांबरावर लावून बघायचं नाही, हे मिस्त्रींनी आधीच बजावलं होतं. डिफरन्शियल म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर. या गाडीत ते प्रत्येक धुरीत असतं, पण पुढच्या आणि मागच्या धुरीच्या मध्ये नसतं. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, पण ट्रान्स्फर केस, म्हणजे ताकद पुढेमागे वाटणारा गिअरांचा डबा, दोन्ही धुऱ्यांना एकाच वेगाने फिरवते. मातीवर चाक जरा घसरून ते भागवून घेतं. डांबरावर घसरायला जागा नाही, मग गाडी आखडते आणि सगळा ताण शाफ्टवर आणि गिअरांवर येतो. म्हणून काकांच्या माडाच्या बागेत, मऊ मातीत गेलो. आणि फोर बाय फोरची लिव्हर हलेना. मिस्त्रींनी गाडी जराशी मागेपुढे केली तेव्हा कुठे खडकन पडली.

काकांचा मुलगा अभिमानाने म्हणाला, "आम्ही फोर बाय फोर कधी लावलाच नाही. सगळं नवंच्या नवं आहे."

मिस्त्री काही बोलले नाहीत. खाली गोणपाट अंथरून आत सरकले आणि पुढच्या धुरीतल्या डिफरन्शियलचा नट सैल केला. बोटावर जे ऑइल आलं ते दूध घातलेल्या चहासारखं. पाणी गेलंय आत. कधी, ते काकांनाही सांगता येईना. मग म्हणाले, एका पावसाळ्यात अंगणात गुडघाभर पाणी दोन दिवस उभं होतं खरं. ते पाणी आत शिरलं आणि तिथेच राहिलं. त्यांच्या वहीत इंजिन ऑइलची पानंच्या पानं आहेत. पुढच्या डिफरन्शियलची आणि ट्रान्स्फर केसची एकही ओळ नाही. ज्या भागासाठी मी ही गाडी घ्यायची, नेमका तोच भाग बारा वर्षं कुणी हातात धरलेला नाही.

तरीही ते दुरुस्त झालं असतं. ऑइल सील, बेअरिंग, वेळ पडली तर आतले गिअर. पैशाचं काम आहे, पण होणारं.

नंतर मिस्त्रींनी छोटी हातोडी मागितली. चासीवर पुढून मागे ठोकत गेले. ठण्, ठण्, ठण्. मागच्या पाट्याच्या शॅकलजवळ, म्हणजे स्प्रिंगचा पाटा चासीला जोडतो त्या सांध्याजवळ, आवाज बदलला. भद्द. वर काळा अंडरकोट ताजा मारलेला होता. स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला तर टोक आत गेलं आणि लाल पापुद्रे माझ्या हातावर पडले. दुसऱ्या बाजूलाही तसंच, जरा कमी. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, खारा वारा बारा महिने, आणि सुट्टीत मुलं गाडी वाळूत न्यायची, हे काकांनीच सांगितलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा बघून मलाच वाईट वाटलं.

रविवार

रात्रभर हिशेब मांडत होते. काका साडेचार लाखांना द्यायला तयार आहेत. पुढचं डिफरन्शियल करून घेतलं, चार टायर नवे घातले (असलेल्या टायरवर 2317 आहे, म्हणजे 2017 चा तेविसावा आठवडा, रबराला भेगा पडल्यात), तरी रक्कम आवाक्यात बसते. चासीला पट्टी मारून वेल्डिंग करून देतो म्हणणारे गडहिंग्लजला मिळतीलही.

पण तो पाट्याचा सांधा आहे. गाडीच्या मागच्या वजनाचा मोठा भार तिथे येतो. आमच्या चढावर, खड्ड्यात आदळत, आत आबा आणि आई बसलेले असताना. आणि गंज पट्टीच्या मागे वाढतच राहतो. 2028 ला गाडीला पंधरा वर्षं होतील, मग पुन्हा नोंदणी. एप्रिल 2022 पासून त्याची फी 5,000 झाली आहे, वर पर्यावरण कर. ते भरता येईल. पण तपासणीला गाडी अशा चासीवर उभी करायची मला हिंमत होणार नाही.

घ्यायची नाही.

दादाला कळवलं तर म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना, रनिंग जास्त आहे." मी त्याला जवळजवळ ओरडलेच. रनिंगचा काही दोष नाही रे! ती चालली म्हणून खराब झालेली नाही. जे चाललं ते सगळं उत्तम आहे. जे नुसतं पडून राहिलं आणि जे खाऱ्या वाऱ्यात उघडं होतं, ते गेलंय. हे मला काल डोळ्यांनी दिसलं, आणि आता दोन लाखांचा आकडा वाचूनही मी घाबरणार नाही.

काकांना फोन केला. कारण स्पष्ट सांगितलं आणि वेल्डिंगच्या आधी गाडी लांब पल्ल्याला काढू नका अशी विनंतीही केली. ते म्हणाले, बरं झालं बघितलंत.

बुधवार

मिस्त्रींच्या ओळखीतून एक निघालीय. जतची, दुष्काळी मुलखातली. तीही थारच, 2016 ची, म्हणजे मागच्या डिफरन्शियलला लॉक असलेली. 2015 च्या बदलानंतर ते आलं. आमच्या चढावर एक चाक उचललं तरी दुसरं ओढेल. रनिंग 2,10,000. मालक शेतकरी, फोर बाय फोर रोज लावतो, ओढ्यातून डाळिंबाच्या बागेत जातो.

आबांना आकडा सांगितला. ते थोडा वेळ गप्प बसले, मग विचारलं, "पोरी, खालनं बघणार न्हवं?"

शनिवारी जाणार आहोत. हातोडी आणि गोणपाट मिस्त्री आणतायत. मालकाला निरोप दिलाय, इंजिन गार ठेवा.