ग्रेप्पोच्या तळघरात ब्रुनेल्लो चाखताना

अकलूजला फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या मळ्यात सांजोव्हेसे हे इटलीतल्या तोस्काना प्रांताचे द्राक्ष पिकते, आणि त्याची वाइन मी अनेकदा चाखली होती. त्याच द्राक्षाची सर्वांत नावाजलेली वाइन म्हणजे ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो. ती जिथे जन्मली, त्या ब्योंदी-सांती घराण्याच्या ग्रेप्पो इस्टेटला जायचे मी ठरवले. तिथे पूर्वनोंदणी लागते, म्हणून ईमेलने वेळ मागून घेतली. सिएनाहून बसने मोंताल्चिनो गाठले आणि पुढचा थोडा रस्ता टॅक्सीने काढला. (टॅक्सी आधी सांगून ठेवावी. डोंगरावरच्या त्या लहानशा गावात ती हात केल्यावर मिळेल, या भरवशावर राहू नये.)

सायप्रसच्या दुतर्फा रांगांमधून आत गेल्यावर आम्हाला प्रथम मळा दाखवला गेला. इथे परंपरेने वेलीच्या वयावरून वाइनचा दर्जा ठरतो: कोवळ्या वेलींच्या द्राक्षांची रोस्सो, दहा वर्षांपुढच्या वेलींची ब्रुनेल्लो आणि पंचवीस वर्षांहून जुन्या वेलींची, तीही केवळ उत्तम हंगामात, रिझर्वा. एकोणिसाव्या शतकात तोस्कानात सांजोव्हेसेत इतर द्राक्षे, अगदी पांढरीसुद्धा, मिसळून लवकर पिण्याजोगी वाइन करण्याची रीत होती. तरुणपणी इटलीच्या एकीकरणासाठी झगडणाऱ्या गारिबाल्दीच्या बाजूने लढलेल्या फेर्रूच्चो ब्योंदी-सांती यांनी ती मोडली. त्यांनी फक्त सांजोव्हेसे वापरले, मळ्यातल्या चांगल्या वेली निवडून त्यांचीच कलमे वाढवली आणि वाइन वर्षानुवर्षे लाकडात मुरू दिली. १८८८ सालची वाइन ही पहिली ब्रुनेल्लो मानली जाते.

तळघरात स्लाव्होनियन (क्रोएशियातल्या) ओकच्या लाकडाची प्रचंड पिंपे आहेत. लहान, नव्या पिंपात लाकडाची चव वाइनवर चढते. मोठ्या, जुन्या पिंपात ती जवळजवळ येत नाही आणि वाइन फक्त सावकाश मुरते. कायद्याने ब्रुनेल्लो किमान दोन वर्षे ओकमध्ये ठेवावी लागते आणि हंगामानंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वी ती विकता येत नाही. रिझर्वाला आणखी एक वर्ष थांबावे लागते. दुसऱ्या महायुद्धात फेर्रूच्चो यांचे पुत्र तान्क्रेदी ब्योंदी-सांती यांनी जुन्या रिझर्वाच्या बाटल्या याच तळघरात भिंत बांधून दडवल्या होत्या. आज ही इस्टेट ईपीआय या फ्रेंच समूहाकडे आहे, मात्र पद्धत बरीचशी जुनीच आहे.

चाखण्याची वेळ आली तेव्हा पेल्यातला रंग पाहून मी चकित झालो. एवढ्या ख्यातीची वाइन गडद असणार अशी माझी अटकळ होती. ही फिकट माणकासारखी, जवळजवळ आरपार दिसणारी होती. पहिल्या घोटाला आम्लता जिभेच्या कडांना झोंबली, मग तुरटपणा आला, आणि फळाचा स्वाद बराच मागून, आंबट चेरीसारखा. पेला तसाच ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा घेतला, तेव्हा तुरटपणा मवाळ झाला होता आणि सुकल्या पानांचा, किंचित तंबाखूचा वास वर आला होता. ही आम्लताच वाइनला दशकानुदशके टिकवते, असे सांगण्यात आले, आणि ते मला पटले. मात्र नुकतीच बाजारात आलेली ब्रुनेल्लो घाईने उघडणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे, असे माझे स्पष्ट मत झाले.

निघताना मी दोन बाटल्या घेतल्या. भारतात येताना दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काशिवाय आणता येते, आणि महाराष्ट्रात ते बाळगण्यासाठी लागणारा परवाना माझ्याकडे होता. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, म्हणजे साका तळाशी बसतो. बूच काही तास आधी काढावे आणि थोडी वाइन ओतून पातळी बाटलीच्या खांद्यापर्यंत उतरवावी, म्हणजे हवेला जागा मिळते.